कुष्ठसेवेसाठी माणसे कोणी आणि कशी निवडली?

थ्रेड : पिंगळी, डिचपल्ली, वर्धा आणि सायकलवरचा आरोग्यसेवक

परभणी जिल्ह्यातील पिंगळी हे गाव इतिहासप्रेमींना ठाऊक असते ते तेथील बारवेमुळे. या धाग्याचा विषय मात्र गावाजवळून जाणारा रेल्वेमार्ग आणि त्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला घडलेली एक गोष्ट आहे. परभणीहून पूर्णेकडे निघाल्यावर पिंगळीचे छोटे स्थानक लागते. मनमाड ते सिकंदराबाद हा निझाम राज्यातील मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. हाच मार्ग पुढे पूर्णा, नांदेड, निझामाबाद असा जात डिचपल्ली नावाच्या स्थानकावर पोहोचतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबाद संस्थानातील कुष्ठरुग्णांना हे नाव चांगलेच परिचयाचे होते.

आज ‘दीर्घकालीन शुश्रूषा’ म्हटले की अमेरिकेतील किंवा जर्मनीतील वृद्धाश्रम डोळ्यांसमोर येतात. तेथे काही आठवड्यांच्या करारावर गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका असतात, त्यांना शोधून पाठवणाऱ्या एजन्सी असतात आणि एजन्सीत बसून दिवसभर फोन करणारे भरती अधिकारीही असतात. या माणसाचे काम ऐकायला सोपे वाटते : जेथे कोणी जायला तयार नाही, तेथे जाणारा माणूस शोधायचा आणि तो तेथे टिकेल असे पाहायचे. महाराष्ट्रापुढे हाच प्रश्न फार पूर्वी, फार कठीण रूपात उभा राहिला होता. आजार होता कुष्ठरोग, ज्याला गावात महारोग किंवा रक्तपिती म्हणत. उपचार काही महिन्यांत संपत नसे. तो वर्षानुवर्षे चाले, काहींच्या बाबतीत आयुष्यभर.

प्रथम डिचपल्ली. डॉ. इझाबेल केर या स्कॉटिश महिला डॉक्टर १९०७ मध्ये पती जॉर्ज केर यांच्यासह मेथडिस्ट मिशनच्या कामासाठी निझामाबाद भागात आल्या. तेथे कुष्ठरुग्णांना कोणी हात लावीत नसे. केर दांपत्याने प्रथम निझामाबादेत छोटासा निवारा उभारला. पुढे नरसा गौड या स्थानिक धनिकाने दिलेल्या जमिनीवर १९१५ मध्ये डिचपल्लीचे रुग्णालय उभे राहिले. १९३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत इझाबेल केर यांनी ते सोडले नाही.

त्या काळी मिशनमध्ये भरती कशी होत असे? ‘मिशन टू लेपर्स’ ही संस्था वेलेस्ली बेली या आयरिश गृहस्थाने १८७४ मध्ये स्थापन केली. भारतात काम करणारे मिशनरी रजेवर मायदेशी गेले की चर्चमध्ये व्याख्याने देत, पैसा गोळा करीत आणि तरुण डॉक्टरांना, परिचारिकांना साद घालीत. नोकरीची जाहिरात आणि धर्माचे आवाहन यांच्यातील सीमा पुसट होती. ज्याला ‘हाक’ ऐकू आली तो आला. असा माणूस टिकत असे हे या पद्धतीचे बळ, आणि अशी माणसे नेहमी मोजकीच असत हे तिचे दौर्बल्य. एका डिचपल्लीमागे शेकडो गावे अशी होती जेथे कोणीच पोहोचत नव्हते.

उपचारही माणसाला जखडून ठेवणारा होता. कडू कवठ आणि त्याच्या जातकुळीतील झाडांच्या बियांचे तेल, ज्याला ‘चौलमुगरा’ म्हणत, ते त्वचेखाली किंवा स्नायूत टोचले जाई. सुई दुखे, गाठी येत, ताप चढे. हे काम शिकलेल्या हातांनी, रुग्णालयात, आठवड्यामागून आठवडे करावे लागे. त्यामुळे रुग्णाने आगगाडीत बसून डिचपल्लीला यावे हाच मार्ग उरत असे. अर्थात, लोकांनी डब्यात बसू दिले तर. औषध रुग्णाच्या दारी नेण्याची कल्पनाही त्या औषधाने करू दिली नसती.

तरीही ती कल्पना कोणाच्या मनात आलीच नाही असे नाही. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. अर्नेस्ट म्यूर यांनी १९२० च्या दशकात एक योजना मांडली : प्रचार, उपचार, सर्वेक्षण, याच क्रमाने. आधी लोकांना सांगायचे की हा रोग बरा होऊ शकतो, मग दवाखाना उघडायचा आणि येणाऱ्या रुग्णांच्या मागोवा घेत गावे पाहायची. याच काळात डॉ. आयझॅक संत्रा हे ओडिशाचे डॉक्टर सर्वेक्षण पथक घेऊन भारतभर हिंडत होते. कुष्ठसेवेतील फिरते वैद्यकीय पथक म्हणतात ते हेच. पण पथक एका भागात काही काळ थांबे आणि पुढे निघून जाई. सापडलेल्या रुग्णाचे पुढे काय, याला उत्तर नव्हते, कारण मागे थांबणारा माणूस नेमलेलाच नसे.

आता वर्ध्याकडे येऊ, कारण येथे भरतीचा दुसराच प्रकार दिसतो. विनोबांच्या सहवासातील मनोहर दिवाण या तरुणाने १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. दिवाण डॉक्टर नव्हते. मिशनबाहेरच्या भारतीय माणसाने आपणहून या कामाला आयुष्य द्यावे, ही त्या काळात जवळजवळ न घडलेली गोष्ट होती. पुढे संस्कृतचे विद्वान परचुरेशास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले, गांधींनी त्यांची शुश्रूषा स्वतः केली, आणि देशभर त्याची चर्चा झाली. गांधींच्या रचनात्मक कार्यक्रमात कुष्ठसेवेला स्थान मिळाले. १९४६ मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले, तर १९४९ मध्ये बाबा आमटे वरोऱ्याच्या ओसाड जमिनीकडे वळले. आमटेही डॉक्टर नव्हते. त्यांनी कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले होते.

ही नावे आपल्याला पाठ असतात. पण भरतीच्या दृष्टीने पाहिले तर आश्रमाचा मार्ग मिशनच्या मार्गापेक्षा फारसा वेगळा नव्हता. तेथे ‘हाक’ होती, येथे ‘व्रत’ होते. व्रत घेणारे थोडेच असतात आणि ते एका जागी वसाहत उभारून राहतात. त्या वसाहतींत बरे झालेले रुग्णच मलमपट्टी करू लागले, स्वयंपाक पाहू लागले, शेती करू लागले. हा या इतिहासातील सर्वात कमी बोलला जाणारा भरतीचा प्रकार आहे. रुग्ण हाच शुश्रूषक झाला, कारण बाहेरून कोणी येत नव्हते आणि त्यालाही बाहेर कोणी काम देत नव्हते. याला सेवाभाव म्हणावे की नाइलाज, हा प्रश्न सोपा नाही. बहुधा दोन्ही.

मग एक गोळी आली. १९४१ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिल येथे डॉ. गाय फॅगेट यांनी सल्फोन गटातील औषध कुष्ठरुग्णांना दिले आणि प्रथमच जखमा भरून येताना दिसल्या. त्या औषधाच्या शिरेत सुया द्याव्या लागत आणि ते महाग होते. त्याच गटातील मूळ द्रव्य, डॅप्सोन, अल्प मात्रेत तोंडाने दिले तरी चालते हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस ज्यांच्या कामामुळे प्रस्थापित झाले, त्यांत नायजेरियातील उझुआकोली येथील डॉ. जॉन लो यांचे नाव महत्त्वाचे आहे. हेच लो त्याआधी डिचपल्लीत काम करीत होते. पिंगळीच्या रुळांवरून जाणाऱ्या गाडीने ज्या रुग्णालयात पोहोचता येई, तेथे तेलाच्या सुया पाहिलेल्या माणसाने पुढे आफ्रिकेत गोळीचा मार्ग मोकळा करावा, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गोळी स्वस्त होती, सोपी होती, खिशात मावत होती. त्याबरोबर भरतीचा सगळा हिशोबच बदलला. सुई टोचायला डॉक्टर किंवा कंपाउंडर लागे. गोळी मोजून द्यायला चांगला शिकवलेला मॅट्रिक पास तरुण पुरेसा होता. अट एकच : त्याने दर वेळी, ठरल्या दिवशी, ठरल्या जागी यायला हवे. वर्षानुवर्षे.

१९५१ मध्ये गांधी स्मारक निधीने वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन केले. तिची कार्यपद्धती घडवणारा माणूस म्हणजे डॉ. वार्देकर. बाबा आमटे जितके घरोघरी पोहोचले तितके वार्देकर पोहोचले नाहीत. पण महाराष्ट्रातील गावोगाव औषध कसे गेले हे समजून घ्यायचे असेल तर वार्देकरांशिवाय चालत नाही. त्यांच्या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सेट’ म्हणत : सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. म्यूर यांच्या योजनेशी हा क्रम ताडून पाहा. म्यूर प्रचाराने सुरुवात करून रुग्णाला आपल्याकडे बोलावतात. वार्देकर सर्वेक्षणाने सुरुवात करतात. रुग्ण येण्याची वाट न पाहता प्रत्येक घरी जायचे, प्रत्येक माणूस तपासायचा. शब्दांची अदलाबदल वाटावी एवढाच हा फरक, पण त्याने कोणाला नेमायचे हे ठरले. दवाखान्यात बसणारा डॉक्टर या योजनेत केंद्रस्थानी उरला नाही. केंद्रस्थानी आला तो चालणारा, सायकल हाकणारा, गावकऱ्यांच्या भाषेत बोलणारा कार्यकर्ता. कागदोपत्री त्याला पॅरामेडिकल वर्कर म्हणत. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यात पुढे ‘कुष्ठरोग तंत्रज्ञ’ हे पदनाम रूढ झाले.

त्याला काय शिकवत? त्वचेवरचा फिकट किंवा तांबूस चट्टा आणि कोड यांतला फरक. चट्ट्यावर कापसाची वात किंवा पिसाचे टोक फिरवून स्पर्श कळतो का हे पाहणे. कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटांनी चाचपून ती जाड झाली आहे का हे ओळखणे. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन काचपट्टीवर नमुना घेणे. काही महिन्यांत हे कौशल्य येत असे. अवघड होते ते पुढचे : ज्या घरात मुलीचे लग्न ठरले आहे, तेथे जाऊन तिच्या पाठीवरचा चट्टा पाहायचा आणि ही बातमी ओटा ओलांडून बाहेर जाऊ द्यायची नाही. प्रशिक्षणाच्या कोणत्याही वर्गात हे पूर्ण शिकवता येत नाही. म्हणून निवडतानाच माणूस पारखावा लागे. तोंड बंद ठेवू शकणारा, किळस न येणारा, आणि आठवडी बाजारात लोकांनी बोट दाखवले तरी पुन्हा त्याच गावात जाणारा.

लोक बोट दाखवीतच. रोग्याचा कलंक रोग्यापाशी थांबत नाही, तो औषध देणाऱ्यालाही चिकटतो. गावात खोली मिळताना अडचण येई, अशा नोकरीतल्या मुलाला मुलगी देताना घरे कचरत. सरकारी नोकरीची स्थिरता एका पारड्यात आणि हे दुसऱ्या पारड्यात. तरीही तरुण आले, आणि त्यातले पुष्कळ टिकले. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे छापील इतिहासात आहेत.

१९५५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तेव्हा ‘सेट’चा नमुना स्वीकारला. ग्रामीण भागातील कुष्ठरोग नियंत्रण पथकात साधारण चार-साडेचार लाख लोकसंख्येमागे एक वैद्यकीय अधिकारी, चार अवैद्यकीय पर्यवेक्षक आणि वीस पॅरामेडिकल कार्यकर्ते अशी रचना असे. म्हणजे एका कार्यकर्त्याकडे वीस ते पंचवीस हजार माणसे. हे प्रमाण पिंगळीच्या परिसरात मांडून पाहा : पिंगळीसारखे एक मोठे गाव आणि भोवतीची बरीच गावे-वाड्या, सगळी एका सायकलच्या वाट्याला. काळ्या जमिनीचा हा मुलूख. पावसाळ्यात चिखल चाकांत असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आणि गोळ्यांना पावसाळ्याची सुट्टी नसते. दवाखाना म्हणजे बहुधा वडाचे किंवा लिंबाचे झाड. कुष्ठकार्याच्या जगात ‘झाडाखालचा दवाखाना’ हा रूढ शब्दप्रयोगच झाला. झाड गावाबाहेर असले की रुग्णाला लोकांच्या नजरेतून सुटका मिळे, आणि जवळ असले की त्याला चालावे कमी लागे. या दोहोंचा मेळ घालून झाड निवडणे हेही त्या कार्यकर्त्याचेच काम.

येथे एक राजकीय तारीख लक्षात घ्यायला हवी. १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्य विसर्जित झाले. परभणी, नांदेडसह मराठवाडा मुंबई राज्यात आला. निझामाबाद आणि त्याबरोबर डिचपल्ली आंध्र प्रदेशात गेले. त्याच दिवशी वर्धाही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. म्हणजे पिंगळीपासून एका रुळावर असलेले डिचपल्ली परक्या राज्यात गेले आणि कित्येक तासांच्या अंतरावरचे वर्धा त्याच राज्यात आले. रुग्णाने गाडीत बसून रुग्णालयात जायचे की सेवकाने सायकलवरून रुग्णाकडे यायचे, या दोन कल्पनांमधली सत्तापालटही नकाशाने जणू त्याच वेळी नोंदवली. अर्थात जुन्या वाटा सरहद्दीने लगेच बंद होत नाहीत.

मराठवाड्याचा अनुशेष येथेही आडवा आला. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे, अंबाजोगाईचे १९७४ चे, आणि परभणीला वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२३ साल उजाडले. डॉक्टरांची वाट पाहत बसले असते तर कुष्ठरोगाचे काम या भागात दशके थांबले असते. वार्देकरांची निवड आदर्शवादाइतकीच व्यवहाराचीही होती, ती येथे पटते.

या पद्धतीत एक मोठी उणीव होती आणि ती भरतीतूनच आली होती. कार्यकर्ते बहुतेक पुरुष. सायकलवरून एकट्याने गावोगाव फिरण्याच्या नोकरीत स्त्रिया घेतल्या जात नसत, आणि घरच्यांनीही त्यांना पाठवले नसते. परिणाम असा की घरातील स्त्रीची तपासणी चेहरा आणि हात-पाय यांवर आटपे; पाठ, मांड्या, कंबर यांवरचे चट्टे झाकलेलेच राहत. तिचा रोग तेव्हा उघडा होई, जेव्हा बोटे वाकू लागत किंवा चुलीवरचा चटका कळेनासा होई. सर्वेक्षणाच्या वहीत स्त्रिया कमी दिसल्या तर रोगाने त्यांना सोडले होते असे समजू नये. तपासणाऱ्याला कोणते दार उघडत नव्हते, हेही त्या आकड्यात मिसळलेले असते. जुन्या आरोग्य अहवालांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.

गोळीनेही दगा दिला. १९६४ मध्ये मलेशियात पेटिट आणि रीस यांनी डॅप्सोनला दाद न देणारे कुष्ठजंतू सिद्ध केले. एकच औषध, अल्प मात्रा आणि मध्येच पडणारे खंड यांतून जंतूंना सावरायला वाव मिळत होता. पद रिक्त राहिले की गोळ्या चुकतात, आणि गोळ्या चुकल्या की औषध निकामी होऊ लागते. आस्थापना शाखेतील एक न भरलेली जागा प्रयोगशाळेत अशी दिसते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. भारतात हे बहुविध औषधोपचार ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाले त्यांत पश्चिम बंगालमधील पुरुलियाबरोबर वर्धा होते. त्या सुमारास देशात दर दहा हजारांमागे ५७ हून अधिक कुष्ठरुग्ण होते. नव्या उपचारात कमी जंतूंच्या रुग्णाला सहा महिने पुरत, जास्त जंतूंच्या रुग्णाला प्रथम दोन वर्षे आणि नंतर एक वर्ष. दरमहा एक मात्रा कार्यकर्त्याच्या समोर गिळायची असे. औषध बदलले, पण औषध पोहोचवणारा माणूस तोच राहिला. तो प्रशिक्षित होता, गावे ओळखीची होती, झाडे ठरलेली होती. नवी औषधे इतक्या वेगाने पसरली त्यामागे तीस वर्षांपूर्वीची ही भरती होती.

२००५ च्या अखेरीस देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. कुष्ठरोगाचे ‘दूरीकरण’ झाल्याचे जाहीर झाले. हा शब्द फसवा आहे : रोग गेला असा त्याचा अर्थ नाही, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून ठरवलेल्या रेषेखाली आला, एवढाच. त्या सुमारास कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन करण्यात आली. स्वतंत्र कार्यकर्त्यांकडे इतर कामे आली आणि घरोघरचे सर्वेक्षण जवळपास थांबले. ज्यांनी रोग रेषेखाली आणला, त्यांच्या कामाची गरज त्याच यशाने संपली असे मानले गेले. हा निर्णय कागदावर तर्कसंगत होता. गावात नव्हता, कारण लपलेला रुग्ण स्वतःहून येत नाही, ही गोष्ट वार्देकरांनी १९५० च्या दशकातच गृहीत धरली होती.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने अनेक राज्यांतील जास्त प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत पुन्हा घरोघरी कुष्ठरुग्ण शोध मोहीम घेतली. तीस हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडले. या मोहिमेतील पथकात दोन माणसे असत, एक आशा कार्यकर्ती आणि एक पुरुष स्वयंसेवक. स्त्रियांना स्त्रीने तपासायचे आणि पुरुषांना पुरुषाने.

आशा कार्यकर्ती गावातीलच असते. तिला शोधून दुरून आणावे लागत नाही आणि ती बदली होऊन जात नाही. कुष्ठरोगाच्या कामासाठी तिला दर रुग्णामागे मोबदला ठरलेला आहे : विकृती येण्याआधी रुग्ण शोधून निदान पक्के झाले तर २५० रुपये, कमी जंतूंच्या रुग्णाचा उपचार पूर्ण करून घेतला तर ४०० आणि जास्त जंतूंच्या रुग्णाचा बारा महिन्यांचा उपचार पूर्ण झाला तर ६००.